देव तांदळात ठेवून निघताना : आई-वडिलांना घेऊन पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्यांसाठी

सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावरून आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, कापडी पिशवी बाजूला काढली गेली. ड्युटीवरची मुलगी एकेक वस्तू काढून ट्रेमध्ये ठेवू लागली. कापराची डबी. काडेपेटी. सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या. तुपात भिजवलेल्या फुलवातींची बरणी. पळी, पंचपात्री. पाच मिनिटांत तिथे आमचं देवघर मांडून झालं आणि मागे रांग खोळंबली. आई म्हणाल्या, "अगं बाळ, देवाचं आहे ते." ती शांतपणे म्हणाली, "आजी, देवाचं आहे, पण पेटतं."

पळी-पंचपात्री तेवढी परत मिळाली. चूक आमचीच. सांगलीच्या विश्रामबागेतल्या घरातून निघताना पासपोर्ट चारदा तपासले होते, देवाची पिशवी एकदाही नाही. त्यानंतर आम्ही सहाजण बँकॉकला जाऊन आलो, मग लंडनला वन्संकडे. आता ओळखीतलं कोणी घरच्या मोठ्यांना घेऊन पहिल्यांदा निघालं की मला फोन येतो. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

तिकिटाआधी पंचांग

आपल्याकडे तिकीट स्वस्त दिसलं की आधी बुक होतं आणि मग कोणीतरी म्हणतं, "अगं, त्या आठवड्यात घट बसतात की!" तेव्हा पहिलं काम, घरचे कुळाचार तारखांसकट एका कागदावर उतरवा. शारदीय नवरात्र, चंपाषष्ठी, गौरी-गणपती, महाळाची तिथी, आणि कोणाचा काही नवस बोललेला असेल तर तो.

घट बसल्यावर घराला कुलूप लावता येत नाही. अखंड दिवा असतो, रोजची माळ असते. ज्यांचे घट थोरल्या घरी बसतात त्यांना मोकळीक आहे. ज्यांच्याकडेच बसतात त्यांनी त्या नऊ दिवसांत जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत. तिकिटात वाचलेले पैसे घरातल्या धुसफुशीत वसूल होतात. गणपतीचं थोडं सोपं आहे. घरचा गणपती दीड दिवसाचा असेल तर दुसऱ्या दिवशीचा तासगावचा रथ बघूनही निघता येतं. सांगली संस्थानच्या गणपतीसारखा पाच दिवसांचा असेल तर विसर्जनानंतरची तारीख धरा. दिवस कमी करायचे झाले तर ते आधी मोठ्यांशी बोलून ठरवा, ऐनवेळी नाही. महाळाची तिथी चुकणार असेल तर सर्वपित्री अमावास्येला करता येतं. तेवढ्यासाठी सहल मोडायची गरज नाही.

उन्हाळी सुट्टीकडेही लक्ष असू द्या. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं असेल तर निघण्याआधी किंवा आल्यावर, महिना संपायच्या आत देऊन घ्या.

जिथे जाताय तिथलाही सण बघा. बालीत न्येपी नावाचा दिवस असतो. त्यांचं वर्षही शकाचंच आहे, म्हणून तो आपल्या पाडव्याच्या आगेमागे येतो. २०२६ मध्ये तर दोन्ही १९ मार्चलाच. त्या दिवशी तिथे विमानतळ चोवीस तास बंद असतो, रस्त्यावर फिरायचं नाही, रात्री दिवे लावायचे नाहीत. हौसेने पाडव्याला बाली गाठणाऱ्यांनी हे आधी माहीत करून घ्यावं.

एक संध्याकाळ घरची बैठक

ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि मग परदेशातल्या हॉटेलच्या लॉबीत भांडतात. चहा ठेवा, सगळ्यांना बसवा आणि प्रत्येकाला विचारा: तुझं काय सोडायचं नाही? आमच्याकडे आई म्हणाल्या, संकष्टी. अण्णा, म्हणजे सासरे, माळकरी. ते म्हणाले, "एकादशी आणि शाकाहार. बाकी तुम्ही म्हणाल ते." मुलांचं काहीच नव्हतं, पण संध्याकाळचं शुभंकरोति रोज म्हणायचं हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. आमच्या ह्यांनी सांगितलं, गोमांस-डुकराचं मांस असलेल्या ताटाला हात लावायचा नाही, मग भूक लागली तरी. एवढीच यादी झाली. रोजची षोडशोपचार पूजा तिच्यात नव्हती, आणि ती आईंनीच आपणहून वगळली होती.

अजून एक विषय बैठकीत उघडपणे बोलून टाका, तो म्हणजे पाळीचा. सहा माणसं दोन खोल्यांत राहणार, तिथे बाजूला बसणं जमत नाही. आमच्याकडे ठरलं की त्या दिवसांत जिची पाळी असेल तिने फोटोला हात लावायचा नाही, बाकी सगळं नेहमीसारखं. तुमच्याकडे वेगळं ठरेल किंवा काहीच पाळत नसाल. पण ते सांगलीतच ठरू द्या. पंधरा वर्षांच्या मुलीला परक्या देशात सगळ्यांसमोर विचारणा झाली की तिला सहलही नको होते आणि देवही.

घरातल्या देवांची सोय

देवघरातले टाक किंवा वंशपरंपरेची मूर्ती बरोबर नेऊ नका. हरवले तर तसे दुसरे मिळत नाहीत. शेजारी किंवा भावकीत कोणी रोज येऊन फूल वाहणार असेल तर उत्तम. नसेल तर जुनी रीत आहेच: देव पुसून, स्वच्छ डब्यात तांदूळ घालून त्यात ठेवायचे, वर हळद-कुंकू, एक सुपारी, आणि "येईपर्यंत इथेच राहा" असं म्हणून झाकण लावायचं. डबा उंदीर-मुंग्यांपासून दूर असावा, एवढंच. तुळशीला मात्र माणूसच लागतो. मेमध्ये सांगलीच्या उन्हात दोन आठवडे बिनपाण्याची तुळस टिकत नाही. कुंडी शेजारी नेऊन ठेवा.

निघायच्या दिवशी कृष्णाकाठी गणपतीचं दर्शन घ्या, पण वेळेचं गणित करून. मुंबईचं विमान असेल तर पेठ नाक्याला हायवेला लागल्यावर पुढे सात-आठ तास धरावेच लागतात.

पिशवी

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

कापूर ज्वलनशील आहे, तो हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि खाली जाणाऱ्या सामानातही नाही. काडेपेटी, लायटर तसेच. सुक्या खोबऱ्याचं लोकांना पटत नाही, पण त्यात तेल एवढं असतं की साठवणीत गरम होऊन ते आपोआप पेट घेऊ शकतं. म्हणून भारतात २०२२ पासून चेक-इन सामानातही त्याला मनाई आहे. अख्खा नारळही हातातल्या बॅगेत धरू नका. गंगाजल, तेल, पातळ तूप हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या आतल्या बाटलीत आणि एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. त्याहून जास्त असेल तर मोठ्या बॅगेत टाका.

हे झालं विमानाचं. उतरल्यावरचे नियम वेगळे, आणि तेच जास्त महागात पडतात.

युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाला बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. ब्रिटनमध्येही भारतातून नेता येत नाही. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे कितीही मोह झाला तरी घरीच, घरचं तूपही घरीच. ताजी फळं, फुलं, पानं यांना युरोपात सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे दूर्वा, बेल, तुळस यांचा विषय संपला. गंमत अशी की अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना तिथे प्रमाणपत्रातून सूट आहे. देवालासुद्धा यातली तीन आपण रोज दाखवतो.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सर्वांत कडक. देशात शिरताना जो फॉर्म भरायचा असतो त्यात खाण्याची प्रत्येक वस्तू लिहा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. न लिहिलेली सापडली तर न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० डॉलर दंड होतो. गोमूत्र, शेण, माती, बी-बियाणं असलं काहीही नको, नऊ धान्यांची पुडीसुद्धा नको.

आखाती देश आणि सिंगापूरला जाणाऱ्यांसाठी हे ठळक अक्षरात समजा: खसखस नेऊ नका. ती अफूच्या झाडाची बी आहे आणि संयुक्त अरब अमिरातीत, सिंगापुरात तिला अमली पदार्थांच्या कायद्याने बंदी आहे. आता आठवा, खसखस कुठे कुठे असते? अनारशाला, करंजीच्या सारणात, काही घरांत लाडवात. दिवाळीत दुबईला लेकीकडे फराळ नेणाऱ्या आईने करंज्या बिनखसखशीच्या कराव्यात आणि अनारसे नेऊच नयेत. दुबईला विड्याची पानंही नाहीत, त्यामुळे पूजेचा विडा इथेच ठेवा.

मग न्यायचं काय? आमची पिशवी आता तळहाताएवढी झालीय. ज्योतिबा आणि तुळजाभवानीचा लॅमिनेट केलेला एक फोटो. हळद-कुंकू दुकानाच्या सीलबंद पुडीतच, कारण करंड्यातली लाल-पिवळी पूड कोणाला काय वाटेल सांगता येत नाही. जपमाळ. बॅटरीवरचा छोटा दिवा. खणाचा एक तुकडा, अंथरायला. नैवेद्याला खडीसाखर आणि तासगावच्या बेदाण्याचं बंद पाकीट. दूध नाही, नासत नाही, आणि लहान मुलं मधूनमधून नैवेद्य संपवतात तेही चालतं. गुलाल मात्र कोणी म्हणालं तरी घेऊ नका. ज्योतिबाचा गुलाल एकदा बॅगेत फुटला की सगळे कपडे चांगभलं.

विमानातलं ताट

तिकिटाबरोबर जेवणाचा प्रकार नोंदवावा लागतो, निदान दोन दिवस आधी. इथे एक सापळा आहे. यादीत "हिंदू मील", म्हणजे एचएनएमएल, दिसलं की आपली माणसं तेच टिकमार्क करतात. ते मांसाहारी असतं. गोमांस नसतं एवढंच, कोंबडी किंवा मासा असू शकतो. आपल्या शाकाहारी माणसाने एव्हीएमएल, म्हणजे एशियन व्हेजिटेरियन, निवडायचं. कांदा-लसूण आणि कंद नको असतील तर व्हीजेएमएल, म्हणजे जैन जेवण. प्रवासात उपास येत असेल तर एफपीएमएल मागा, फळांची ताटली येते. अण्णांची एकादशी परतीच्या विमानात आली तेव्हा शेजारचा गोरा माणूस त्यांच्या ताटातल्या पपई-कलिंगडाकडे हेव्याने बघत होता.

उतरल्यावर "व्हेजिटेरियन" हा शब्द पुरत नाही. थायलंडमध्ये साध्या भाजीतही माशाचा रस पडतो, जपानी सूपमध्ये माशाचा अर्क असतो, बेल्जियममध्ये बटाट्याचे फ्राईज गुरांच्या चरबीत तळायची जुनी पद्धत आहे. थायलंडमध्ये "जे" हा शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं. त्यात मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं आणि लसूण-कांदाही नसतो. आईंचा चातुर्मास या एका शब्दावर निभावला. जपानमध्ये बौद्ध मठांचं पारंपरिक जेवण तसंच असतं, त्याला शोजिन र्‍योरी म्हणतात. महाग असतं, पण एकदा खाऊन बघावं असं.

स्वयंपाकघर असलेली जागा मिळाली तर हॉटेलपेक्षा तीच घ्या. एक कुकर वरण-भात झाला की निम्मे प्रश्न सुटतात.

खोलीतली पूजा

टेबलाचा एक कोपरा पुसायचा, खण अंथरायचा, फोटो टेकवायचा. झालं. अगरबत्ती नाही, निरांजन नाही. छतावरचा धुराचा भोंगा वाजला की अख्खी इमारत खाली रस्त्यावर येते आणि दंड आपल्या बिलावर. वन्संच्या घरी त्यांनी आम्हाला आधीच दम दिला होता, तरी अण्णांनी बाथरूममध्ये दार लावून एक उदबत्ती लावलीच. पुढचं सांगत नाही.

विमानतळावर पाच-सहा तास काढायचे असतील तर प्रार्थनाखोली शोधा. मला ही मिरजेच्या आमच्या शेजारच्या चाचींनी सांगितली, त्या उमऱ्याला जाऊन आलेल्या. लंडनच्या हीथ्रोवर प्रत्येक टर्मिनलला सर्वधर्मीय खोली आहे. कोणी नमाज पढतं, कोणी डोळे मिटून बसतं. आईंनी तिथे अर्धा तास जप केला. प्रवासात मला मिळालेली ती सगळ्यात शांत जागा.

तिथी कुठली धरायची

नियम सोपा आहे, तिथी जिथे आपण आहोत तिथल्या सूर्योदयाची. पण तो पाळताना गंमत होते. समजा आपल्याकडे शुक्रवारी सकाळी १० वाजता एकादशी लागली आणि शनिवारी सकाळी ९ ला संपली. सांगलीत उपास शनिवारी. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे तिथे एकादशी गुरुवारची रात्र उलटून शुक्रवार लागल्यावर साडेबाराला लागली आणि शुक्रवारीच रात्री साडेअकराला संपली. तिथे उपास शुक्रवारी. घरून फोन येतो, "अगं आज नाही, उद्या!" दोघंही बरोबर असतात. पंचांगाच्या ॲपमध्ये शहर बदलून बघा, भांडण मिटेल.

संकष्टीला हे फारच रंगलं. मे महिना, लंडन. तिथे सूर्यच रात्री नवाच्या सुमाराला मावळतो. ॲपमध्ये चंद्रोदय मध्यरात्र उलटल्यावरचा. अण्णांनी हिशेब मांडला, "सांगलीत दहाला चंद्र, म्हणजे इथे साडेपाच. साडेपाचला सोडा की!" आईंनी खिडकीबाहेर बघितलं. लख्ख ऊन, समोरच्या अंगणात पोरं फुटबॉल खेळतायत. म्हणाल्या, "या उन्हात कसला चंद्रोदय? तुम्ही सोडा खुशाल, तुम्हाला शुगर आहे."

अण्णांनी साडेपाचला वरण-भात खाल्ला. आई पावणेएकपर्यंत जाग्या राहिल्या. आभाळ भरलेलं, चंद्र काही दिसला नाही. त्यांनी पूर्वेच्या खिडकीशी पळीने भांड्यात अर्घ्य दिलं आणि कालचा भात दह्यात कालवून खाल्ला. मी विचारलं, एवढं कशाला? म्हणाल्या, "अगं, एवीतेवी झोप लागतच नव्हती."

ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या आहेत त्यांनी प्रवासाच्या दिवशी कडक उपास करू नये. गोळ्यांच्या वेळा घड्याळ बदललं की आधीच विस्कटतात. डॉक्टरांना निघण्याआधी विचारून ठेवा.

सांगलीतल्या जैन घरांना चौविहाराचा, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाण्यापिण्याचा, प्रश्न पडतो. लंडनला जूनमध्ये सूर्यास्त रात्री सव्वानवाच्या पुढे, डिसेंबरात दुपारी चारच्या आत. उन्हाळ्यात जा, एवढाच माझा सल्ला.

आणि एक नको असलेली गोष्ट. तिकडे असताना घरून वाईट बातमी आली तर? दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस सुतक, अशी सर्वसाधारण रीत आहे. देवदर्शन तेवढं टाळायचं. बाकी काय करायचं ते आपल्या गुरुजींना फोन करून विचारा, सहलीतल्या जाणत्या माणसाला नको.

तिथली देवळं

सहलीत एखादं देऊळ जरूर ठेवा, पण एखादंच. सिंगापूरचं श्री मरिअम्मन देऊळ १८२७ पासूनचं आहे, बँकॉकमध्ये सिलोम भागात तसंच देवीचं देऊळ आहे. दुबईत जेबेल अलीला २०२२ मध्ये नवं हिंदू मंदिर झालं, अबू धाबीचं दगडी मंदिर फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडलं. अशा ठिकाणी खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे लागतात, नातवंडांच्या हाफ पँटवरून दारात अडवतात. ओटी, नारळ, हार बाहेरून नेऊन चालतात का हे आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी त्यांच्याच काउंटरवर घ्यावं लागतं. मॉरिशसला जाणाऱ्यांना एक सुखद धक्का बसतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. सणाच्या दिवसांत तिकडे असाल तर चौकशी करा, मोदक हमखास मिळतात.

परत आल्यावर

दारात कोणीतरी पायावर पाणी घालून भाकरतुकडा ओवाळून टाकावा. आमच्याकडे हे काम शेजारच्या काकू करतात, रात्री दोन वाजले तरी. त्या रात्री देव काढायचे नाहीत, आधी झोपा. दुसऱ्या दिवशी अंघोळी झाल्या की डबा उघडायचा, देवांना पंचामृत, मग साधं पाणी, आणि पुसून जागेवर. पिशवीत उरलेले बेदाणे नैवेद्यात घाला. डब्यातले तांदूळ टाकायचे नाहीत. निवडून धुऊन त्यांचीच खीर करायची आणि ज्यांनी तुळस सांभाळली त्यांच्याकडे पहिली वाटी पाठवायची.